फियाटचे दोन लाल दिवे

सिद्धलिंगअप्पांनी फियाट गॅरेजच्या दारात आणून उभी केली, तेव्हा तिचं डावं मडगार्ड फाटकाच्या खांबाला घासून आलं होतं आणि अप्पांना त्याचा पत्ताही नव्हता. काच खाली करून त्यांनी युसूफभाईंना हाक मारली आणि तक्रार सांगितली. चावी फिरवली की मीटरमध्ये दोन लाल दिवे पेटायला हवेत, एक तेलाचा आणि एक चार्जिंगचा. ते पंधरा दिवसांपासून पेटतच नव्हते. उद्या तेल संपून इंजिन जाम झालं तर कळायचं कसं?

युसूफभाई चाळीस वर्षं बीडमध्ये जुन्या गाड्या दुरुस्त करत होते. ही फियाट तर त्यांनी दोनदा पुरती उलगडून पुन्हा जोडली होती. त्यांनी हात पुसले, खिडकीतून आत डोकं घातलं आणि अप्पांना चावी फिरवायला सांगितली.

दोन्ही दिवे पेटले.

अप्पा सरळ त्या दिव्यांकडंच बघत होते. "बघ," ते म्हणाले, "हाय का काही?"

युसूफभाईंना आधी वाटलं, अप्पा थट्टा करतायत. मग त्यांनी अप्पांच्या चेहऱ्याकडं पाहिलं. थट्टा नव्हती. आणि हा माणूस आत्ता भरल्या बाजारातून स्वतः गाडी चालवत आला, हे त्यांच्या ध्यानात आलं. खरं सांगायला त्यांनी तोंड उघडलंही. पण बायको बसम्मा वारल्यापासून अप्पांना ही गाडी आणि दर सोमवारची कपिलधारच्या दर्शनाची फेरी, एवढंच उरलं होतं. गाडी विका आणि इकडं या, म्हणून पुण्याचा मुलगा मागं लागला होता.

"न्हाई पेटत, अप्पा," युसूफभाई म्हणाले. "ठेवून जावा. बघतो मी."

दोनचार दिवस गाडी अडकवून ठेवावी, तोवर काहीतरी सुचेल, असा त्यांचा हिशेब होता. तो दुसऱ्याच दिवशी चुकला. सकाळी नऊला अप्पा रिक्षानं हजर झाले आणि जुन्या टायरवर बूड टेकून बसले. समोर माणूस बसल्यावर युसूफभाईंना हातावर हात ठेवून बसता येईना. चांगल्या चालणाऱ्या गोष्टीची दुरुस्ती त्यांनी जन्मात केली नव्हती. ती आता करावी लागली.

त्यांनी बल्ब बदलले. त्यात थोडी आशाही होती. मिळतील तितके लख्ख बल्ब त्यांनी शोधून आणले, चावी फिरवली आणि खऱ्या मनानं विचारलं, "आता?"

अप्पा पुढं वाकले. बराच वेळ बघत राहिले. "न्हाई बा."

त्यानंतर युसूफभाईंनी आशा सोडली आणि नुसतं काम चालू ठेवलं. फ्यूज बदलला. अर्थिंगची तार घासून पुन्हा बसवली. तेलाच्या दिव्याची तार इंजिनाला टेकवून पाहिली, तेव्हा आत दिवा लालबुंद पेटला, आणि तो पेटला नाही यावर दोघांचं एकमत झालं. चौथ्या दिवशी अख्खा मीटर बाहेर निघून पोत्यावर आला. तो काढताना स्पीडची केबल तुटली. पाचव्या दिवशी कुठली तरी तार कुठं तरी टेकली आणि हॉर्न जो सुरू झाला तो थांबेना. बॅटरीची तार उपटेपर्यंत निम्मा रस्ता गॅरेजसमोर गोळा झाला होता. चांगल्या गाडीत आता खरोखरच बिघाड झाले होते.

बाजारात बोलणं सुरू झालं. युसूफभाईला दोन बल्ब लावता येईनात, म्हातारा झाला, असं चहाच्या टपरीवर कुणीतरी म्हटलं. लिंबागणेशच्या एका शेतकऱ्याची जीप आठ दिवसांपासून दुरुस्तीला उभी होती. त्यानं ती शेजारच्या सुग्रीवच्या गॅरेजात नेली. घरी बायको हमीदा रोज जेवताना विचारायची, असं किती दिस चालणार? युसूफभाई मान खाली घालून भाकरी मोडत राहायचे.

आठव्या दिवशी दुपारी सुग्रीव स्वतःच आला. माणूस चांगला होता, मदतीलाच आला होता. युसूफभाई पाना धुवायला नळावर गेले होते, तेवढ्यात त्यानं पोत्यावरचा मीटर उचलला, तारा जोडल्या, बॅटरी लावली आणि चावी फिरवली. युसूफभाई ओल्या हातांनी धावत आले, पण उशीर झाला होता.

"पेटलेत की," सुग्रीव म्हणाला. "लालभडक. यात खराबी काय हाय?"

अप्पा टायरवरून उठले. मीटरपाशी आले, वाकले. "कुठं?"

सुग्रीवला अजून काही कळलं नव्हतं. त्यानं अप्पांचं बोट धरलं आणि काचेवर टेकवलं. "हे काय, हितं."

अप्पांनी बोट तिथंच ठेवलं. मग सुग्रीवला कळलं. त्यानं युसूफभाईंकडं पाहिलं, आणि दोन पावलं मागं सरकला.

"युसूफ," अप्पा म्हणाले, "पहिल्या दिवसापासून लागतेत?"

"हां, अप्पा."

अप्पांनी काचेवरचं बोट काढून घेतलं. "म्हंजे तुझा हात गेला न्हाई तर," ते म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात चक्क सुटकेचा भाव होता.

मग सगळं बाहेर पडलं. अप्पा रोज येऊन बसत होते ते काही गाडीसाठी नव्हतं. तिसऱ्याच दिवशी त्यांची खात्री झाली होती की युसूफचे हात थकले, त्याला साधे दिवे जमत नाहीत. गाडी दुसरीकडं न्यावी तर चाळीस वर्षांच्या दोस्ताचं नाव बुडणार. म्हणून ते टायरवर बसून राहिले, आणि या गाडीची वायरिंग विलायती आहे, कुणाच्या बापाला सुधरणार नाही, असं बाजारभर सांगत फिरले. टपरीवर एकाशी हमरीतुमरीही झाली होती.

"भांडलो बे मी तुझ्यासाठी," अप्पा म्हणाले.

युसूफभाई हसायला लागले आणि हसता हसता त्यांनी तेलकट चिंधीनंच डोळे पुसले. सुग्रीव खाली बसून हॉर्नची तार जोडू लागला.

दुसऱ्या दिवशी युसूफभाईंनी अप्पांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी काचबिंदू सांगितला. गेलेली नजर परत येणार नव्हती. उरलेली औषधाचे थेंब घालून सांभाळायची होती. अप्पांनी एकच प्रश्न विचारला, गाडीचा. डॉक्टरांनी नाही म्हटलं. बाहेर आल्यावर अप्पांनी खिशातून गाडीची दुसरी चावी काढली आणि युसूफभाईंच्या सदऱ्याच्या खिशात टाकली.

सोमवारी सकाळी युसूफभाई फियाट घेऊन अप्पांच्या दारात गेले. अप्पा सवयीनं चालवायच्या बाजूला गेले, दाराला हात लावला, मग गाडीला वळसा घालून बसम्माच्या जागेवर येऊन बसले. ही सीट फारच खोल आहे आणि बाईनं इतकी वर्षं एकदाही तसं सांगितलं नाही, एवढंच ते म्हणाले.

कपिलधारकडं वळल्यावर त्यांनी पाठ ताठ केली. "हळू घे. म्होरं डावीकडं लई मोठा खड्डा हाय."

समोर सिमेंटचा सपाट रस्ता होता. तो होऊन वर्ष उलटून गेलं होतं. म्हणजे वर्षभर अप्पा दर सोमवारी इथं गाडी हळू करत आले होते. युसूफभाईंनी आरशात मागं बघितलं. मागं कुणी नव्हतं. त्यांनी वेग कमी केला, गाडी सावकाश उजवीकडं घेतली आणि पुन्हा सरळ केली.

"चुकला का?" अप्पांनी विचारलं.

"चुकला, अप्पा."