धुळ्याहून दोन स्पीकॉन

अकरावी-बारावीच्या पोरांना भौतिकशास्त्र शिकवून मला सतरा वर्षं झाली. विजेच्या बाबतीत अख्ख्या जळगाव जिल्ह्यात माझा हात धरणारा कोणी नाही, असं माझं प्रामाणिक मत होतं. होतं म्हणतोय, हे लक्षात घ्या!

शिकवणं पोटासाठी आणि बास गिटार जिवासाठी. बास म्हणजे चार तारांची, जाड आवाजाची गिटार. दर रविवारी माझा जुना विद्यार्थी आकिब कीबोर्ड वाजवतो, मी बास वाजवतो आणि माझी बायको डिंपल बाहेरून दार लावून घेते.

यंदा माझ्या सासऱ्यांची, शिंदखेड्याच्या चुडामण नानांची पंचाहत्तरी होती. नाना म्हणजे कडक माणूस! लग्नाला बारा वर्षं झाली, पण मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. आमच्या लग्नाच्या फोटोतसुद्धा ते पंचनाम्याला बोलावल्यासारखे उभे आहेत. पहिल्यांदा बास दाखवली तेव्हा त्यांनी ती उलटीसुलटी करून बघितली आणि विचारलं, "जवाईबापू, बाकीन्या दोन तारा कोठे ग्यात?"

तेव्हाच मी ठरवलं होतं. एक दिवस या माणसाने चार लोकांत माझं नाव घेतलं पाहिजे! पंचाहत्तरीचा मुहूर्त बरा होता. पाचशे वॅटचा अँप्लिफायर, म्हणजे अँप, घेतला. त्याच्याबरोबर स्पीकरची वेगळी पेटी घेतली, धाकट्या फ्रिजएवढी. राहिली फक्त अँपपासून पेटीपर्यंतची केबल.

आकिबचं साउंडचं दुकान आहे. तो म्हणाला, "सर, दोन्ही टोकांना स्पीकॉन लावून देतो. आत घालायचा, वळवायचा, खट्‌ करून लॉक होतो. स्टेजवर कोणाचा पाय अडकला तरी निघत नाही."

"मला जॅक हवा," मी म्हणालो. जॅक म्हणजे गिटारला लागते ती चकचकीत लांब पिन. ती कशी दिसायलाही वाद्यासारखी दिसते! स्पीकॉन म्हणजे निळंकाळं प्लास्टिकचं बूच.

"जॅक चालेल सर, पण चालू अँपमधून तो कधी ओढू नका, शॉर्ट होईल. आणि गिटारची बारीक केबल तर पेटीला लावूच नका, तापेल. वायर जाड पाहिजे. तुमच्या पेटीला मागे सॉकेट कोणतं आहे?"

"आकिब, तुला ओहमचा नियम कोणी शिकवला?"

"तुम्ही, सर."

"मग?"

आकिबने निमूटपणे जाड वायरला दोन जॅक लावून दिले. पेटीची मागची बाजू बघायचं माझ्या डोक्यातच आलं नाही. पुढची जाळी इतकी सुंदर होती!

कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी नऊलाच आम्ही शिंदखेड्याच्या मंगल कार्यालयात पोहोचलो. आकिब कीबोर्ड घेऊन मागून टेम्पोने येणार होता. मी थाटात पेटी स्टेजवर चढवली, केबल उलगडली, मागे गेलो आणि गार पडलो! पेटीला जॅकचं बारीक भोक नव्हतंच. होतं ते मोठं, गोल, निळ्या कडेचं. स्पीकॉनचं!

आकिबला फोन लावला. लागेना! टेम्पो वाटेत कुठेतरी रेंजबाहेर होता. मग आठवण झाली डिंपलच्या भावाची. भटू हार आणि केक आणायला धुळ्याला गेला होता. त्याला फोन लावला. मंडपात सनई सुरू होती, तीही माझ्या डोक्यावरच्या कर्ण्यातून!

"भटू! येताना धुळ्याहून दोन स्पीकॉन घेऊन ये!"

"काय? स्पीकर?"

"हो, हो, स्पीकॉन! दोन!"

"दोन कशाला दाजी? एक बस नाही का?"

"अरे, एक इकडून लागतो, एक तिकडून!"

"बरं. कसे पाहिजेत?"

"दणकट! एकदा स्टेजवर बसवला की कोणी ओढला तरी निघता कामा नये!"

"असे धुळ्यात पुष्कळ आहेत!"

"आणि तासन्‌तास चालला तरी तापायला नको. आवाज मध्येच तुटायला नको!"

"तुम्ही बिनघोर राहा. गाडीत पुढे बसवू का मागे?"

"कुठेही टाक रे! डिकीत टाक!"

पलीकडे भटू खो खो हसला. "दाजी, तुम्ही पण ना!"

यात हसण्यासारखं काय होतं, मला कळलं नाही. पण काम झालं होतं. मी सनईवाल्याला हात केला आणि एक चहा मागवला.

अकरा वाजता भटूची गाडी आली. पाहुणे बसले होते, नाना फेटा बांधून खुर्चीत ताठ. मी धावत गाडीशी गेलो. "आणलेस?"

"आणले की!" असं म्हणून भटूने मागचं दार उघडलं. आतून पांढऱ्या सफारीतले एक गृहस्थ उतरले. त्यांच्यामागून खादीचं जाकीट घातलेले दुसरे उतरले. त्यांच्या हातात कागदांची चळत होती. चळत!

"हे वनाआप्पा, रिटायर तलाठी. आणि हे रुपचंद सर, माजी मुख्याध्यापक," भटू अभिमानाने म्हणाला. "दाजी, तुमच्या फोनने वाचवलं! आपण ठरवलेल्या वक्त्यांचा घसा बसला, म्हणून सकाळीच निरोप आला होता. मी विचारच करत होतो की आता भाषणाला कोण, तेवढ्यात तुम्हीच म्हणालात, दोन स्पीकर आण!"

"स्पीकॉन रे, स्पीकॉन!"

"आता 'स्पीकर कोण' काय विचारताय? सांगितली ना नावं!"

मी मटकन गाडीच्या बॉनेटवर बसलो आणि लगेच उठलो. बॉनेट तापलं होतं.

वनाआप्पांनी माइक हातात घेतला. "नानांना मी ओळखत नाही," ते म्हणाले. लोकांना वाटलं, चला, लवकर आटपेल. पण ओळखत नसल्यामुळे ते केळीवरच्या करप्याकडे वळले! करप्याची लक्षणं, करप्याची फवारणी, करप्याचे आणि तलाठ्यांचे जुने संबंध. पन्नास मिनिटं! भटूने जाऊन हळूच त्यांचा सफारीचा कोट ओढला. हलले नाहीत. दोनदा ओढला. जसा मागितला होता तसाच दणकट माल निघाला!

शेवटी पाणी प्यायला ते थांबले, तेवढ्यात रुपचंद सरांनी दुसऱ्या बाजूने माइक काढून घेतला. बरोबर! एक इकडून, एक तिकडून!

याच वेळी आकिब हाशहुश करत आला. मी त्याला ओढत पेटीमागे नेलं. पेटीमागे आम्ही दोघं उकिडवे बसलो. भोक दाखवलं, माझा जॅक दाखवला, माझं नशीब दाखवलं. आकिबने भोकात वाकून बघितलं, माझ्या हातातून केबल घेतली आणि जॅक त्या गोल भोकाच्या बरोबर मध्ये सारला.

टक्क! बसला!

"कॉम्बो सॉकेट आहे सर," आकिब हळूच म्हणाला. "कडेने स्पीकॉन बसतो, मध्ये जॅक. दोन्ही चालतात."

मी त्या भोकाकडे बघत राहिलो. भोक माझ्याकडे बघत राहिलं.

"लावून बघायचा होता की एकदा," आकिब म्हणाला. सतरा वर्षं मी पोरांना हेच सांगत आलोय, प्रयोग करून बघा!

आता चिडायला वेळ नव्हता. सर संपले की लगेच वाजवायचं, म्हणून मी बास जोडून अँप चालू केला. फक्त खात्री करायला सगळ्यात जाड तारेला बोट लावलं. नुसतं लावलं हो!

धSSSम्म!

टेबलावरचा केक एक बोट पुढे सरकला. पहिल्या रांगेतलं तान्हं पोर रडायला लागलं. आणि रुपचंद सर दचकून थांबले, तेही ऐन समारोपात. त्यांच्या हातातली चळत स्टेजभर उडाली.

"मी... कुठे होतो?" सरांनी विचारलं.

कोणीच सांगितलं नाही, कारण कोणी ऐकतच नव्हतं. सरांनी कागद गोळा केले, वरचा नेमका पहिला आला. "तर मंडळी," ते म्हणाले, "पुन्हा पहिल्यापासून सुरू करू."

अडीचशे माणसांनी एकदम माझ्याकडे पाहिलं. आचाऱ्याने भरिताच्या पातेल्यावर पुन्हा झाकण ठेवलं. डिंपल तिसऱ्या रांगेतून काहीतरी बोलली. ऐकू आलं नाही, पण ओठ वाचता आले. ते लिहिता येण्यासारखं नाही.

पण दुसऱ्या फेरीत एक गंमत झाली. कागद उलटसुलट झाल्याने सर अडखळले, वैतागले आणि त्यांनी कागद बाजूला ठेवून तोंडी सांगायला सुरुवात केली. ते नानांच्याच वर्गातले निघाले! आठवीच्या नाटकात नानांनी राणीचं काम केलं होतं म्हणे. लुगडं मुख्याध्यापकांच्या बायकोचं. राजा गादीवरून उठला तो नेमका राणीच्या पदरावर उभा राहिला, आणि राणी पट्ट्यापट्ट्याच्या चड्डीत पळत थेट बसस्टँडपर्यंत गेली!

मंडप हशाने फुटला! मी नानांकडे बघितलं. नाना मान खाली घालून गदगदत होते. मला वाटलं, रडतायत. पण नाना हसत होते! फेटा सुटून मांडीवर आला, डोळ्यांतून पाणी, आणि शेजारी बसलेल्या वनाआप्पांच्या पाठीत धपाधप थापा!

मग नाना स्वतः उठले, माइकपाशी आले. "पंचाहत्तर वरीसमा मी इतला हासनू नही," ते म्हणाले. "भटूनी सांगं माले. हाई सूचना जवाईबापूनी व्हती, धुयाथून वक्ता आना म्हनीसन. जवाईबापू, वर या!"

अख्खा मंडप टाळ्या वाजवायला लागला. बारा वर्षं मला हव्या होत्या त्याच या टाळ्या, फक्त भलत्याच कामाच्या. खरं सांगायला मी तोंड उघडलंही होतं. पण नानांनी माझ्या डोक्यावर स्वतःचा फेटा ठेवला. मी दोन्ही हात जोडले, आणि जोडल्या हातांनीच आकिबला खूण केली, केबल गुंडाळ!