शुक्रवारचं सूप

डोलोरेस पावलॅकनं चमचाभर सूप तोंडात घातलं आणि ती पातेल्यासमोर तशीच खिळून राहिली.

"चेस्टर," ती नवऱ्याला म्हणाली, "हे सूप फार चांगलं झालंय."

"मग?"

"एकतीस वर्षं करतेय मी हे बटाट्याचं सूप. इतकं चांगलं कधीच झालं नाही."

ईस्टरआधीच्या उपवासकाळात दर शुक्रवारी आमच्या संत हेडविग शाळेच्या हॉलमध्ये चर्चच्या सगळ्या लोकांचं एकत्र जेवण असतं. तळलेले मासे, कोबीची कोशिंबीर आणि डोलोरेसचं सूप. त्या दिवशी मासे चालतात, पण मांसाला कुणी शिवत नाही. त्यातून आज शाळेची शंभरी. खुद्द बिशप जेवायला यायचे होते.

डोलोरेसनं कचऱ्याचा डबा उपडा केला. त्यातून सुपासाठी आणलेले रिकामे टिन घरंगळले. प्रत्येकावर कोंबडी होती. चांगली तुरेवाली, ऐटबाज.

"तुला भाज्यांचा अर्क आणायला सांगितला होता ना?"

"डबा हिरवा होता," चेस्टर म्हणाला. "हिरवा म्हणजे भाजी."

"आणि ही कोण? फ्लॉवर?"

चेस्टरनं टिन हातभर लांब धरला, मग नाकाशी आणला. "चष्म्याशिवाय फ्लॉवरच वाटते गं. चष्मा घरी राहिला."

तेवढ्यात मुख्याध्यापिका सिस्टर मार्सेलीन वाऱ्यासारख्या आत आल्या. "बिशप अर्धा तास आधीच आलेत, आणि सपाटून भूक लागलीय त्यांना!" डोलोरेस तोंड उघडेपर्यंत त्यांनी वाडगा भरला, पातेल्यातलं चमचाभर चाखलंही. "अगं, आज जीव ओतलायस यात!"

"जीवच गेलाय यात, सिस्टर..."

पण सिस्टर वाडगा घेऊन जिना चढून गेल्या होत्या. त्यांच्या पाठोपाठ वाढणाऱ्या बायकांनी पातेलंही वर नेलं.

डोलोरेस धावतच वर गेली. हॉलच्या दाराशी चर्चचे धर्मगुरू फादर ग्रेगरी भोजनाआधीच्या प्रार्थनेसाठी सज्ज उभे होते. तिनं त्यांना बाहीला धरून दाराआड ओढलं.

"फादर, घात झाला! बिशपांना मी कोंबडी खायला घातली!"

"कोंबडी खायला घातली!" हॉलच्या भिंती म्हणाल्या. फादरांच्या गळपट्टीला माइक लावलेला होता, आणि तो चालू होता.

आत तीनशे माना दाराकडे वळल्या. सिस्टर मार्सेलीन लगबगीनं दाराशी आल्या. "गंमत केली म्हण," त्या कुजबुजल्या, "आणि हसून घे."

"गंमत कशी म्हणू, सिस्टर? तुमच्या डोक्यावर काय लिहिलंय बघा जरा."

भिंतीवर दुसरीच्या मुलांनी रंगीत कागद कापून अक्षरं चिकटवली होती : 'या महिन्याचा सद्गुण – खरेपणा'.

डोलोरेसनं ॲप्रन सरळ केला आणि ती हॉलच्या मधोमध जाऊन उभी राहिली. "सुपात कोंबडीचा अर्क आहे," ती म्हणाली. "चूक माझी. चव घेतली तेव्हाच आरडाओरडा करायला हवा होता. ज्यांना चालत नसेल त्यांनी वाडगा बाजूला ठेवा. मासे चांगले आहेत."

मागून चेस्टर आला.

"चूक तिची नाही. टिन मी आणले. आणि चष्मा घरी राहिला हे खोटं आहे. खिशातच असतो. म्हातारा दिसतो म्हणून घालत नाही."

"तसाही दिसतोस!" कोणीतरी ओरडलं, आणि हॉल हसला.

तेवढ्यात इरेना गोर्स्की उठली. तिच्या आजीच्या कृतीच्या सफरचंदाच्या केकची गावात ख्याती होती. "मग मीही सांगून टाकते. केक दुकानातला असतो. बारा वर्षं झाली."

तिच्यामागे आणखी तिघं उठली.

"थांबा, थांबा!" फादर कळवळून म्हणाले. "हे सगळं शनिवारी कबुलीजबाबाला घेऊन या! आणि नियम मांस न खाण्याचा आहे. अर्क त्यात येत नाही. जुनी माणसं टाळतात, एवढंच."

"हे आधी सांगायला काय झालं होतं?" डोलोरेस म्हणाली.

"तू बोलू दिलंस कुठे?"

मग बिशप उठले. त्यांच्या हातातला वाडगा रिकामा होता.

"मलाही एक सांगायचंय. पहिल्याच चमच्याला मी कोंबडी ओळखली होती. विचारलं असतं तर वाडगा काढून घेतला असता. म्हणून गप्प बसलो."

हॉलमध्ये एवढा हशा उसळला की पोरांच्या हातातले चमचे खाली पडले. तो ओसरल्यावर बिशप सिस्टरांकडे वळले. "सिस्टर, शंभर वर्षांत या शाळेनं काय शिकवलं, यावर तुमचं भाषण आहे ना?"

"अकरा पानांचं."

"राहू द्या. मी आत्ता पाहिलं ते."

सिस्टर मार्सेलीननी अकराही पानांची शांतपणे घडी घातली. डोळे भरून आले होते, पण मान अशी ताठ, की जणू शाळा त्यांनीच एकटीनं बांधली होती. डोलोरेसचं तोंड लाल झालं होतं. लोक वाडगे घेऊन उठू लागले, तशी ती पळीनं पातेल्यावर ठणठण वाजवत ओरडली, "ओळीत या! ढकलाढकली नको!"

एकतीस वर्षांत पहिल्यांदाच त्या शुक्रवारी मासे उरले.