घोरणं थांबलं की

मिनलचा झोपेतला व्हिडिओ काढून आणा, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं तेव्हा पोरीचा बाप ज्ञानेश मनातल्या मनात हसला. सात वर्षांची पोर झोपणार आणि आपण फोन धरायचा, त्यात काय एवढं? चाकणच्या कंपनीत तो कॉम्प्रेसर सांभाळायचा. पोरीचं घोरणं टिपणं त्याला हातचा मळ वाटला.

मिनलला डाऊन सिंड्रोम होता, आणि तिचं घोरणं चिखलीतल्या त्या अख्ख्या गल्लीच्या ओळखीचं होतं. झोपायचीही ती मांडी घालून, पुढे वाकून, कपाळ गादीला टेकवून. शेजारीच राहणाऱ्या घरमालकीण गिरजाबाई कौतुकानं म्हणायच्या, "देवाला नमस्कार घालूनच झोपतंय बगा लेकरू." घोरता घोरता ती मधेच गप्प व्हायची आणि सगळ्यांना हायसं वाटायचं. "लागली बाई झोप," म्हणत तिची आई विजयश्री स्वयंपाकाकडे वळायची, आणि रात्रपाळी करून आलेला ज्ञानेश तेवढ्यात डोळा लावून घ्यायचा.

पहिल्या दुपारी तो फोन धरून पोरीशेजारी आडवा झाला आणि तिच्याआधीच झोपला. व्हिडिओत छताचा पंखा होता आणि घोरणं त्याचं स्वतःचं.

"हाच दाखवा डॉक्टरांना," विजयश्री म्हणाली. "तुमचाबी इलाज होईल."

दुसऱ्या दुपारी मिनलनं फोन पाहिला. फोन समोर आला की हसायचं, हे तिला पक्कं ठाऊक. डोळे घट्ट मिटून, सगळे दात दाखवत ती म्हणाली, "झोपले."

"झोपलेलं माणूस बोलत नसतं, बाळा."

"झोपले," तिनं आणखी हसून सांगितलं.

मग विजयश्रीनं फोन फळीवर, तांदळाच्या डब्याला टेकवून ठेवला. पोर झोपली, घोरायला लागली, आणि दारात गिरजाबाई आल्या. त्यांची कुजबुज गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जाते. "झालं का गं शुटिंग?" मिनल उठून बसली.

शेवटी एकदाचा व्हिडिओ झाला, पण लांबलचक. कंपनीत मशीन बिघडलं की बिघाडाच्या आवाजाचा तुकडा तेवढा पाठवायचा, बाकीचं कापायचं, अशी रीत. ज्ञानेशनं तेच केलं. घोरणं ठेवलं, मधली गप्प जागा कापून टाकली, आणि छान सुटसुटीत व्हिडिओ डॉक्टरांपुढे धरला.

"हा मधे उडी का मारतोय?" डॉक्टरांनी विचारलं.

"कापलंय मॅडम. तिथं कायच नव्हतं. पोरगी शांत झोपली होती."

"मला तेच बघायचंय. सगळा असेल तर लावा."

अख्खा व्हिडिओ फोनमध्ये होताच. घोरणं थांबलं. पडद्यावर मिनलची छाती ओढल्यासारखी हलत होती, पोट आत जात होतं, तोंड उघडं होतं, आणि श्वास काही येत नव्हता. मागून विजयश्रीचा समाधानाचा आवाज आला, "लागली बाई झोप." मग बऱ्याच वेळानं पोरीनं आचका दिला आणि घोरणं पुन्हा सुरू झालं.

"ही झोप नाही," डॉक्टर हळूच म्हणाल्या. "झोपेत तिचा घसा मिटतो, श्वास अडतो. या मुलांमध्ये बऱ्याचदा होतं हे. श्वासाला वाट मिळावी म्हणून ती वाकून झोपते. आधी झोपेची तपासणी करू, मग टॉन्सिलचं बघू."

विजयश्रीनं पदर तोंडाला लावला. ज्ञानेशला मान वर करवेना. कॉम्प्रेसर गप्प झाला तर हातातला घास टाकून धावणारा माणूस तो. घरात मात्र पोरीचा श्वास थांबला की त्याला गाढ झोप लागायची. त्याला स्वतःची भयंकर लाज वाटली.

तपासणीची तारीख मिळायची होती, तोवर घरात उलटाच कारभार सुरू झाला. मिनल घोरते तोवर सगळे निवांत. गप्प झाली की विजयश्री तवा सोडून धावते, गिरजाबाई दुखरे गुडघे घेऊन शेजारून येतात आणि पोरीच्या पाठीवरून हात फिरवत म्हणतात, "घोर गं माझी बाय, घोर."

मिनलला यातलं काही कळलं नाही. एक मात्र तिनं बरोबर हेरलं, की आपण गप्प राहिलो की बाबा पळत येतो. आता ती जागेपणीच घोरण्याचं सोंग करते आणि मधेच श्वास रोखून पडून राहते.

परवा तर डोळे मिटायच्या आधीच तिला हसू फुटलं होतं. सोंग आहे, हे दारातूनच दिसत होतं. तरी ज्ञानेश पळत गेला आणि त्यानं तिच्या नाकापुढे बोट धरलं.

"झोपले," मिनल म्हणाली.

बोटाला तिचा कोमट श्वास लागला, तसा तो गादीशेजारी खालीच बसला.