पारास्काबाईंच्या आंघोळीची मोजणी

गरज ही मोजल्याशिवाय खरी नसते, असं आमच्या गृहसेवा विभागाचं ब्रीद आहे. मदतनीस मोजक्या आणि म्हातारी माणसं उदंड; तेव्हा मोजणीत जो उतरेल त्याचीच आंघोळ सरकारी खर्चानं व्हावी, यात कुणाला काही खुपायचं कारण नाही. (खुपणाऱ्यांसाठी वेगळी प्रतीक्षायादी आहे.)

कॅनडातल्या सस्कॅचेवानच्या या गव्हाच्या मुलखात लोकांचीही आम्हाला फार साथ. इथे शेवटच्या घटका मोजणाऱ्याला विचारा, ‘कसं काय?’ तो म्हणतो, ‘तक्रारीला जागा नाही.’ आम्ही ते जसंच्या तसं टिपून घेतो. त्यामुळे जिल्ह्यातली गरज दरसाल घटते आहे. (माणसंही घटताहेत, पण तो विषय दुसऱ्या खात्याचा.)

सत्त्याऐंशी वर्षांच्या पारास्का ओलेनिक एकट्या राहत. टबात उतरायची भीती वाटते म्हणून त्यांनी आंघोळीपुरती मदतनीस मागितली. मी मोजायला गेलो. साहेब येणार म्हणून बाईंनी फरशी घासली, लिपस्टिक लावली आणि बटाटा भरून परातभर पेरोगी, म्हणजे त्यांच्याकडच्या उकडलेल्या करंज्या, केल्या. पाहुणा उपाशी गेला तर युक्रेनी घराण्याचं नाक कापलं जातं ना!

"आजी, उभं राहून स्वयंपाक जमतो?"

"अरे, आधी खा तू! किती वाळलायस. घे अजून चार."

"आणि आंघोळ?"

"होते रे कशीबशी. लोकांचे माझ्याहून वाईट हाल आहेत."

शेजारीण मार्लीन दारातच चडफडत होती. "अहो साहेब, तुमची पाठ वळली की ही दोन दिवस अंथरूण सोडायची नाही!"

"मार्लीन, पाहुण्यापुढे रडगाणं नको!" बाई कडाडल्या.

निष्कर्ष: स्वयंपाक उत्तम, घर लखलखीत, शेजारणीची साक्ष ऐकीव. गरज शून्य. (पेरोगी अप्रतिम, हा शेरा मी आपणहून जोडला.) वाचलेली आंघोळ त्याच गल्लीतल्या श्रीयुत बर्टनना मिळाली. ते सोफ्यावर पडून सुरेख कण्हत होते. मुलगा वकील आहे त्यांचा.

महिन्याभरात बाई टबात पडल्या, खुबा मोडला आणि एकदाच्या पात्र ठरल्या. पण इतक्या पात्र माणसाला घरी ठेवता येत नाही. म्हणून त्यांना लांबच्या गावी, वृद्धाश्रमात खाट दिली. घर विकलं गेलं. मी चौकशीला फोन केला तर म्हणाल्या, "तक्रारीला जागा नाही रे. तू जेवलास का?"

मला निर्दय म्हणणाऱ्यांनो, जरा दमानं घ्या. रविवारी तुम्हीही आईला फोन करता. ती म्हणते, ‘मी बरी आहे, तू तुझं बघ.’ तुम्ही हुश्श म्हणून फोन ठेवता. मी निदान घरी जाऊन आलो होतो.