भागवतकाकांचे नवे रॉकर

आमच्या सोसायटीच्या फाटकातून स्कूटर येवो की मोटार, भागवतकाका हात आडवा करतात. "बंद करू नका," म्हणतात. मग मोटार असली तर बॉनेट उघडायला लावतात, लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनला टेकवतात, मूठ कानाला लावतात आणि डोळे मिटून उभे राहतात.

एकदा एक टॅक्सीवाला वैतागला. "काका, मागे पॅसेंजर बसलाय."

"बसू दे. कशात बसलाय ते त्यालाही कळू दे."

दुसऱ्या मजल्यावरच्या मुलाने नवी मोटरसायकल कौतुकाने दाखवायला आणली. काकांनी ऐकलं आणि म्हणाले, "छान आहे. फक्त आत कोणीतरी पोहे भाजतंय." त्या मुलाने ती गाडी पुढे महिनाभर फाटकापासून ढकलत आत नेली.

काकांचं सगळं आयुष्य कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात गेलं. दुसऱ्याच्या घरी गेले तरी तिरकं कॅलेंडर आधी सरळ करतात, मग बसतात. मी वणीहून कर्वेनगरात राहायला आलो तेव्हा त्यांनी माझं नाव विचारलं, पण वापरलं कधीच नाही. मला ते "अहो वणीकर" अशीच हाक मारतात.

आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिलाच. वाघोलीच्या कॉलेजात ग्रंथालयातल्या नोकरीची मुलाखत होती, त्या दिवशी काकांनी आपली आकाशी रंगाची जुनी गाडी काढली आणि मला थेट कॉलेजच्या दारात सोडलं. सगळ्या वाटेत एकदाच बोलले.

"घाबरलात?"

"हो."

"चांगलं आहे. न घाबरणारे लोक नट ढिले ठेवतात."

ती नोकरी मला लागली. त्यामुळे काकांना मी कधी हसतो, पण आतून नाही.

गेल्या वर्षी काकूंना पक्षाघाताचा झटका आला. काकू मुलींच्या शाळेत गणित शिकवायच्या. हातपाय बऱ्यापैकी सुधारले, काठी घेऊन त्या चालायलाही लागल्या. वाचा मात्र परत आली नाही. समजतं सगळं, पण शब्द ओठांपर्यंत येऊन अडतो. वाचेचे व्यायाम शिकवणारी एक मुलगी घरी यायची आणि चित्रांची कार्डं दाखवायची. सफरचंद, कप, छत्री. काकू भिंतीकडे तोंड फिरवायच्या.

"तीस-तीस मुलींना बीजगणित शिकवलेली बाई," काका जिन्यात मला म्हणाले, "आणि तिला विचारतात, हे काय आहे, सफरचंद आहे का."

नेमक्या याच दिवसांत काकांनी गाडीसाठी नवे रॉकर मागवले. इंजिनाच्या डोक्यावर सी-सॉसारखे छोटे लोखंडी हात असतात. एक टोक वर गेलं की दुसरं खाली येऊन वाल्व्ह दाबतं. ते रॉकर. काकांनी आणले ते गाडीच्या कंपनीचे नव्हते, दुसऱ्याच कारखान्याने बनवलेले होते. सोसायटीत कुजबुज झाली. बायको अशी, आणि हे गाडीशी खेळतायत. नेहमीचा गॅरेजवाला तर स्पष्टच म्हणाला, "काका, जुने झकास आहेत. हे बाहेरचे नीट बसायला वेळ घेतील. दर रविवारी उघडून सेटिंग करत बसावं लागेल."

"दर रविवारी?" काकांनी विचारलं. "चालेल की."

रविवारी सकाळी पार्किंगमध्ये काम सुरू झालं. चेअरमन आले. "भागवत, इथे दुरुस्तीला परवानगी नाही."

"बिघडलेल्या गाडीची करतात ती दुरुस्ती. आमची चालू आहे. आपण चहा घेणार?"

चेअरमन चहा न घेता गेले. काका लिफ्टने काकूंना खाली घेऊन आले आणि मडगार्डशेजारी खुर्चीत बसवलं. जुने रॉकर उतरले, नवे तेल लावून चढले. मग खरं काम. प्रत्येक रॉकर आणि वाल्व्ह यांच्यात केसाएवढी फट राखायची असते. पातळ पोलादी पट्टी आत सरकवून ती मोजायची. त्या इंजिनात वाल्व्ह आठ. जो पूर्ण दाबला गेला असेल त्याचा आकडा नवातून वजा करायचा, आणि येईल त्या आकड्याच्या रॉकरची फट लावायची.

"पूर्वी इंजिन मी फिरवायचो आणि वजाबाकी हिची," काका म्हणाले. "आता फिरवायला तुम्ही. वजाबाकी तिच्याकडेच राहील."

मी पाना धरून इंजिन फिरवलं. एक वाल्व्ह पूर्ण खाली गेला. काका थांबले. काकूंचे ओठ हलले, आवाज आला नाही. काका बराच वेळ तसेच वाकून राहिले, मग आकडा स्वतःच पुटपुटले आणि फट लावली. आठही वाल्व्हना असंच झालं.

पुढच्या रविवारी पुन्हा तेच. त्याच्या पुढच्याही. काकू आता काकांची वाट न पाहता लिफ्टकडे निघायच्या आणि खुर्चीकडे बोट दाखवायच्या. बोलायच्या मात्र नाहीत.

अशाच एका रविवारी पाचवा वाल्व्ह खाली गेला.

"पाच दाबलाय," काका म्हणाले. "नवातून पाच गेले... तीन. तिसरा सेट करू."

मी दचकलो. तोंड उघडणार तोच त्यांनी बॉनेटखालून माझ्याकडे पाहून नकारार्थी मान हलवली आणि पट्टी खरोखरच तिसऱ्या रॉकरखाली सरकवली.

काकूंची काठी मडगार्डवर आपटली. "चा..."

"काय झालं?" काका वर न बघता म्हणाले. "तीनच ना?"

"चार!"

शब्द जरा घसरला, पण आवाज मागच्या बाकावरच्या मुलींना गप्प करणारा होता. "चार, अहो!"

काका ती पट्टी फडक्याने पुसत राहिले. ती स्वच्छच होती. मला वाटलं, आता गॅलऱ्यांकडे बघून सगळ्यांना हाका मारतील. त्यांनी चौथ्याची फट लावली आणि नट आवळला.

"फिरवा, वणीकर."

मी फिरवलं. दुसरा वाल्व्ह खाली गेला.

"नवातून दोन गेले," काका म्हणाले. त्यांनी पट्टी आठव्या रॉकरकडे नेली. "आठ?"

काकूंनी कपाळावर हात मारून घेतला आणि तोंड उघडलं.