तिकडचा सायेब मानंल का?

परदेशी निघालेल्या माणसाच्या हातावर लोक पेढा ठेवतात. आमचे श्रीनिवास अण्णा त्याला बूट काढायला लावतात आणि उलटा करून तळ बघतात. माती दिसली की म्हणतात, "ही घेऊन निघालात व्हय? तिकडचा सायेब मानंल का?"

सोलापुरात, भवानी पेठेतल्या आमच्या टॉवेलच्या कारखान्यात अण्णा निर्यातीचे कागद करतात, माझ्या शेजारच्या टेबलावर. स्वतः पुण्यापलीकडे गेलेले नाहीत, पण कुठला देश काय आत घेतो आणि काय परत पाठवतो, सगळं तोंडपाठ. घरी तेलुगू, ऑफिसात सोलापुरी, आणि देशांबद्दल बोलायचं ते सोयऱ्यांबद्दल बोलावं तसं. "जपान गोड बोलतंय, पण लेबलावर एक अक्षर चुकू द्या की! आणि ऑस्ट्रेलिया म्हंजे सोवळ्यातली आत्याबाई. मातीचा कण चालत न्हाई."

एकदा भरलेला ट्रक त्यांनी फाटकातच अडवला. पेट्यांखालच्या लाकडी फळ्यांवर, त्या तापवून कीड मारल्याचा शिक्का नव्हता. मालक ओरडले, "अहो, आपण टॉवेल पाठवतोय, लाकूड नाही!"

"मालक, टॉवेल आपलं, तशी वाळवी बी आपलीच की. पण तिच्याकडं पासपोर्ट कुटं हाय?"

मालकांना हसू फुटलं. ट्रक रिकामा झाला.

गेल्या वर्षी अण्णांच्या पत्नी, सरोजाक्का, वारल्या. यंदा मेलबर्नला लेकीला, लावण्याला, मुलगी झाली. अण्णांनी अक्कांच्या दोन जुन्या सुती साड्यांचं दुपटं स्वतः शिवलं. पार्सल करायच्या दिवशी ते ऑफिसात आणलं आणि भिंग लावून टाक्याटाक्यांत गवताचं बी शोधत बसले. अर्जावर लिहिलं, 'वापरलेलं कापड, स्वच्छ धुतलेलं.'

"किती वेळा धुतलंत?" मी विचारलं.

"तीनदा. गरम पाण्यात."

मी दुपटं नाकाशी नेलं. नुसता साबण. तोंडून निघूनच गेलं, "अण्णा, अक्कांचा वास गेला की हो."

"जाणारच. नियम हाय." त्यांनी घडी घातली, मोडली, परत घातली. "लावण्या बी फोनवर म्हनली, आईचा वास ऱ्हाऊ द्या. म्हटलं, पोरी, वास कुठल्या रकान्यात लिहू?"

अण्णांनी खोक्याला चिकटपट्टी लावली, अंगठ्यानं दाबून दाबून बसवली. मग वर न बघताच म्हणाले,

"एक पदर कापून ठेवलाय घरी. त्यो न्हाई धुतला. त्यो कुटंच पाठवायचा न्हाई."