श्रोत्यांच्या बळावर

राजरत्न हाटेने टीव्हीचा रिमोट सोफ्यावर एवढ्या जोरात आपटला, की आतले सेल उडून कपाटाखाली गेले.

"खोटारडे! अगं, हे पाणी बघ! कसं धो धो वाहतंय!"

टीव्हीवर 'आपला परिसर' या केबल चॅनेलच्या बातम्या चालू होत्या. बदलापुरातल्या कात्रपच्या मागच्या आळीतल्या सार्वजनिक नळाचं उद्घाटन दाखवत होते. नगरसेवक कैलासशेठ गळ्यातला हार सावरत ओंजळीने पाणी पीत होते आणि 'आळीची तहान अखेर भागली' असं निवेदिका गहिवरून सांगत होती. राजरत्न सकाळी स्वतः तिथे हजर होता. भिंतीमागे टँकर उभा होता आणि त्याचा पाइप नळाला जोडलेला होता, हे त्याने आपल्या डोळ्यांनी पाहिलं होतं. कॅमेरा बंद झाला, टँकर गेला आणि टँकरबरोबर पाणीही गेलं. संध्याकाळी घरी येताना त्याने मुद्दाम वाकडी वाट करून बघितलं, तर नळाखाली एक कुत्रं निवांत झोपलेलं होतं.

"सेल तुम्हीच काढा," त्याची बायको मैत्रेयी मेथी निवडता निवडता म्हणाली. "आणि ओरडायचंच असेल तर तुमच्या त्या माइकसमोर ओरडा. इथे ऐकणारी मी एकटी."

यात टोमणा कमी आणि सल्ला जास्त होता. राजरत्न अंबरनाथच्या एका केमिकल कंपनीत स्टोअर सांभाळायचा आणि दर रविवारी पॉडकास्ट काढायचा. तेव्हा, म्हणजे २००९ साली, पॉडकास्ट म्हणजे काय हे बदलापुरात समजावून सांगण्यातच त्याची निम्मी ताकद जायची. शेवटी 'इंटरनेटवरचा रेडिओ' म्हणून तो सुटका करून घ्यायचा. कार्यक्रमाचं नाव होतं 'फक्त खरं'. आठवडाभरात चॅनेलांनी आणि पेपरांनी काय काय थापा मारल्या, कोणत्या पुढाऱ्याचा वाढदिवस बातमी म्हणून खपवला, याची तो नावानिशी चिरफाड करायचा.

ऐकणार कोण, हा प्रश्न उल्हासनगरच्या गोपने सोडवला होता. गोपचं मोबाइलचं दुकान होतं. मेमरी कार्डात गाणी भरून घ्यायला जो येईल, त्याच्या कार्डात गोप न विचारता 'फक्त खरं'चा ताजा भागही टाकून द्यायचा. "साईं, गाने के साथ सच फ्री," असं वर ऐकवायचा. लोकांना आधी राग यायचा, मग चटक लागायची. गोपची अट एकच होती. भाग दहा मिनिटांच्या वर गेला तर तो घेणार नाही, कारण मग गाण्यांना जागा उरत नाही.

आणि प्रत्येक भागाच्या सुरुवातीला राजरत्न छाती फुगवून म्हणायचा, "ना जाहिरात, ना पुढारी. आम्ही चालतो श्रोत्यांच्या बळावर!"

नळाचं बिंग पुढच्याच भागात फोडायचं त्याने ठरवलं. तसा शब्दच त्याने मागच्या आळीतल्या गोजरबाईला दिला. म्हातारी लांबच्या विहिरीवरून हंडा आणून दमली होती. हंडा खाली ठेवून तिने विचारलं, "त्या टीवीवाल्यांनी आमचे नलाला पानी दावला रं. तू तरी खरा काय ते सांगशील ना?"

"येत्या रविवारी, आजी. शब्द आपला."

पण त्याच आठवड्यात श्रोत्यांनी बळ द्यायला सुरुवात केली. राजरत्न कुणाकडून पैसे घेत नसे. 'ज्याला जे जमेल ते द्या' असं त्याने माइकवरून सांगितलं होतं. खोलीत आवाज घुमतो म्हणून सोमा टेलरने जाड पडदा शिवून दिला. तळमजल्यावरच्या सगुणाबाईंनी घशासाठी आलं-ज्येष्ठमधाचा काढा पाठवला. गोपने नवा माइक दिला. राजरत्न माणूस सभ्य. रविवारी नळाच्या बातमीआधी त्याने तिघांचे आभार मानायला घेतले, आणि मानायचेच तर नीट मानावेत म्हणून काढ्याची कृती, पडद्याचं कापड असं सगळं सांगत बसला. दहा मिनिटं केव्हा संपली ते त्याला कळलंच नाही. नळ पुढच्या रविवारवर गेला.

माइकवरून आपलं नाव पुकारलं जावं, याची आपल्या लोकांना केवढी ओढ! मांडवात पाच नारळ देणारा माणूससुद्धा नाव पुकारल्याशिवाय जागचा हलत नाही. सगुणाबाईंनी आपलं नाव आलेला तो भाग सुनेच्या मोबाइलवरून अख्ख्या बिल्डिंगला ऐकवला, आणि राजरत्नच्या दारात बळाची रांग लागली. रघुअण्णांनी टेबल फॅन आणला. कुणी घडीची खुर्ची आणली. बाजारातल्या बनूबाईने तर सुक्या बोंबलांची जुडीच समोर धरली.

"बनूबाई, बोंबलाचा आणि पॉडकास्टचा काय संबंध?" राजरत्नने विचारलं.

"खाशील तर बोलशील ना? आणि नाव बरोबर घे. पुलाखालची बनूबाई म्हण. कोपऱ्यावर एक दुसरी बसते, तिला फुकटचं नको जायला."

पुढच्या रविवारी या सगळ्यांची नावं घेण्याच्या धांदलीत सोमा टेलरचं नाव राहून गेलं. मंगळवारी सोमा हातात कात्री घेऊन हजर.

"राजाभाऊ, सरका. पडदा उतरवतो."

"अरे, झालं काय?"

"बोंबीलवालीचं नाव येतं आणि माझं नाही? पडदा काय तिने शिवला? सासुरवाडीला सांगून ठेवलेलं मी, संडेचं ऐका म्हणून. पार कचरा झाला ना माझा!"

"राहतं रे कधी कधी एखादं नाव. पुढच्या भागात घेऊ."

"कधी कधी? तुमचं राहिलं असतं म्हणजे समजलं असतं!"

सोमाची जाहीर माफी मागण्यात तिसरा रविवार गेला. मग क्रमाचा वाद उपटला. काढा आधी आला तेव्हा आपलं नाव आधी, असं सगुणाबाईंचं म्हणणं. माइकच नसता तर काढा पिऊन काय भिंतीशी बोलला असता का, असं गोपचं म्हणणं. रघुअण्णांना नावाच्या आधी 'समाजसेवक' हवं होतं. खुर्चीवाल्याला ती खुर्ची वडिलांच्या स्मरणार्थ जाहीर व्हायला हवी होती. नळाची बातमी लिहिलेला कागद माइकखाली तसाच पडून होता. त्यावर आता काढ्याच्या पेल्याचे गोल डाग उमटले होते.

चौथ्या रविवारी मैत्रेयी पडद्याबाहेर उभी राहून ऐकत होती. आतून राजरत्नचा आवाज येत होता, "...दहावी पास झाल्याबद्दल कुमारी वैष्णवी हिचं हार्दिक अभिनंदन, तसंच समाजसेवक रघुअण्णा यांना वाढदिवसाच्या लाख लाख शुभेच्छा..."

तो घाम पुसत बाहेर आला. मैत्रेयीने विचारलं, "तुमच्यात आणि त्या चॅनेलमध्ये फरक काय राहिला हो?"

"फरक? ते पुढाऱ्यांची आरती ओवाळतात! आम्ही जनतेचे आभार मानतो!"

"बरोबर. ते शालीवर विकले गेले, तुम्ही बोंबलावर."

राजरत्न इतका संतापला, की जेवायला बसला तसाच ताटावरून उठला. संताप तिचा नव्हता, तिचं म्हणणं खरं होतं याचा होता. पाय मोकळे करायला म्हणून तो खाली उतरला, तर समोरून गोजरबाई येत होती. डोक्यावर हंडा, आणि चालताना तोल सावरायला एक हात भिंतीला.

"चार रविवार झाले रं," ती थांबून म्हणाली. ओरडली असती तर बरं झालं असतं. "माज्याकडं तुला द्याला काय नाय, म्हनून माजा नल मांगं रायला का?"

कोणत्याही चॅनेलवाल्याला राजरत्नने आजवर इतकं टोचून विचारलं नव्हतं. तो तसाच माघारी वर आला, पडद्यामागे बसला आणि आधीचा भाग पुसून टाकून नव्याने बोलायला लागला. आभार नाहीत, अभिनंदन नाही, शुभेच्छा नाहीत. टँकर कुठे उभा होता, पाइप कुठून नेला होता, कॅमेरा भिंतीकडे का वळला नाही, कैलासशेठ प्यायले ते पाणी कुणाचं होतं, सगळं त्याने सांगितलं. शेवटी तो म्हणाला, "या कार्यक्रमाने ही बातमी चार आठवडे दाबून ठेवली. कुणाच्या दबावाने नाही, नावं पुकारायच्या नादात. धिक्कार 'आपला परिसर'चा, आणि त्याखालोखाल आमचा!" मैत्रेयीने त्याच्यासाठी पुन्हा ताट वाढलं.

दोन दिवसांत तो भाग गोपच्या दुकानातून पार शहाडपर्यंत पोचला. राजरत्नला वाटलं, आता कैलासशेठची माणसं येणार. दार वाजलंही. उघडतो तर बळ देणारे सगळे लालबुंद होऊन उभे.

"एकाचंही नाव नाही?" सगुणाबाईंनी तोंड उघडलं. "माझा काढा काय कडू झाला?"

"माझा बर्थडे होता!" रघुअण्णा म्हणाले.

"साईं, माइक मेरा और नाम सिर्फ नल का?" गोप खास उल्हासनगरहून दुकान बंद करून आला होता. सोमा नुसती कात्रीची उघडझाप करत राहिला.

राजरत्नचा बांध फुटला. "नावं हवीत? तिकडे म्हाताऱ्या बायकांच्या माना मोडतायत आणि तुम्हाला नावं हवीत? घेऊन जा तुमचा पडदा! आळीतल्या बायका भाग ऐकून आत्ता हंडे घेऊन कैलासशेठच्या ऑफिससमोर बसायला निघाल्यात. हिंमत असेल तर तिथे बसा आणि त्याला सांगा नाव घ्यायला!"

सोमाने कात्री मिटली. मग सगुणाबाईंनी विचारलं, "तिथे चॅनेलवाले येतील का रे?"

"येतील, झक मारत येतील!"

"मग थांबा सगळे. मी साडी बदलून येते."

राजरत्न स्वतः गेला नाही. पत्रकाराने पुढाऱ्याची पायरी चढायची नसते, असं त्याचं तत्त्व होतं. तिथे काय झालं ते मैत्रेयीने येऊन सांगितलं. बायकांनी रिकामे हंडे ओळीने मांडले होते. गोजरबाईच्या सुनेकडे चायना मोबाइल होता, रिक्षाच्या भोंग्याला मागे टाकील असा. तो तिने हंड्यात ठेवून 'फक्त खरं' लावलं. मग गोपने बाकीच्या मोबाइलवरही भाग उतरवून दिला, आणि हरेक हंडा राजरत्नच्या आवाजात टँकर-टँकर करून घुमायला लागला. निवडणूक तोंडावर आली होती आणि 'आपला परिसर'चा कॅमेराही समोर होता. कैलासशेठ बाहेर येऊन हात जोडत म्हणाले, "मावशी, आधी ते बंद करा."

गोजरबाई म्हणाली, "हंडा भरला का आपोआप बंद व्हतंय."

तिसऱ्या दिवशी नळाला पाणी आलं. टँकरचं नाही, पाइपलाइनचं. राजरत्नने आधी भिंतीमागे जाऊन खात्री करून घेतली. आळीत नुसता जल्लोष चालला होता, बायका एकमेकींना भिजवत होत्या, आणि त्याच्या डोळ्यांत खरोखर पाणी आलं. तेवढ्यात त्याची नजर नळावर टांगलेल्या बॅनरकडे गेली.

वर हात जोडलेले कैलासशेठ. खाली मोठ्या अक्षरांत 'जनतेच्या पाठपुराव्याला यश' आणि त्याखाली 'जाहीर आभार'. गोजरबाई, सगुणाबाई, गोपभाई, सोमा टेलर, समाजसेवक रघुअण्णा, बनूबाई आणि कंसात 'पुलाखालच्या'. सर्वांत शेवटी, सत्य जनतेसमोर आणल्याबद्दल, 'आपला परिसर' चॅनेल.

राजरत्नने बॅनर वरून खाली वाचला. मग खालून वर वाचला. मग कोपरा उचलून मागेही पाहिलं.

"मैत्रेयी," तो हळूच म्हणाला, "यात काहीतरी राहिलंय का गं?"

"पाणी आलंय. बादली धरा," ती म्हणाली.

"अगं, पण सत्य कुणी आणलं? चॅनेलने? मी म्हणतो, नाव नको आपल्याला, नावाचं काही नाही, पण तत्त्व म्हणून..." त्याचा आवाज चढत चालला होता, कान लाल झाले होते. आजूबाजूच्या बायका वळून बघायला लागल्या.

सोमा टेलर नवा शर्ट घालून बॅनरशेजारी फोटो काढून घेत होता. तो जवळ आला आणि मोठ्या मनाने त्याने राजरत्नच्या खांद्यावर हात ठेवला.

"राहतं कधी कधी एखादं नाव, राजाभाऊ. पुढच्या बॅनरला घेऊ."

राजरत्नने त्याच्याकडे पाहिलं, बॅनरकडे पाहिलं, आणि विचारलं, "सोमा, तुझी ती कात्री आणलीयेस का रे?"